जिथं उंबर होता तिथून शंभर मीटर दक्षिणेला

सोमवार, ४ ऑगस्ट. पहाटे

नवी वही. पहिल्या पानावर आधी सगळ्यांची विचारपूस करावी, मग कामाचं लिहावं, ही आईची शिकवण. ती पत्राबद्दल सांगायची, पण रोजनिशीनं काय पाप केलंय?

डावा गुडघा, कसा आहेस? कुरकुरतोय. उजवा? अजून बरा, पण संगत वाईट. बायको ओदिली: प्रकृती ठणठणीत, आवाज त्याहून. भाची ग्रेत्तेल: फोनवर म्हणाली बरी आहे, पण कंपनीचं काम घरून करते, दिवसभर स्क्रीनपुढे; मान आखडली असणार. काफेतो कुत्रा: दमा आहे, तरी भुंकायची हौस दांडगी. लाल टॅक्सी: अंगणात विश्रांती घेतेय, बॅटरी उतरलेली. भाचीनं दिलेला जुना लॅपटॉप: बिजागरी निखळली आहे, पाठीला साखरेचा डबा लावला की ताठ बसतो. मी, बेलार्मिनो: वय एकोणसत्तर, उमेद तिशीची. ओदिलीच्या मते तिशीत एवढी नव्हती.

सगळे खुशाल. आता काम.

संकल्प: रोज पहाटे चारला उठणे. कॉफी एकच कप. वर्ष संपायच्या आत स्टार्टअप उभं करणे. तोवर कोणाला काही न सांगणे.

मंगळवार, ५ ऑगस्ट. सकाळी नऊ

जाग आत्ता आली. मोठी माणसं झोपेत विचार करतात.

कॉफी तीन कप. स्टार्टअपचं समोरच्या क्रिसांतो दुकानदाराला सांगितलं. फक्त त्यालाच. त्यानं फक्त गल्लीला सांगितलं. फुकटची जाहिरात झाली, हाही विचार झोपेतच केला असावा.

शनिवार, ९ ऑगस्ट

कल्पना लिहून ठेवतो. उद्या कोणी चोरली तर पुरावा हवा.

चाळीस वर्षं या राजधानीत, सान होसेत, टॅक्सी हाकली. रस्त्यांना सरकारनं नंबर दिलेत, पाट्याही ठोकल्यात. वाचतो कोण? आमचा पत्ता असा: जिथं उंबर होता तिथून शंभर मीटर दक्षिणेला, पंचवीस पश्चिमेला, हिरवं फाटक, कुत्रा भुंकेल. उंबर पडून जमाना झाला. शंभर मीटर म्हणजे एक गल्ली. ती साठ मीटरची असली तरी शंभरच. साऱ्या शहराला कळतं. कळत नाही ते एका फोनला. तरी हल्ली उतारू गाडीत बसला की फोन पुढं धरतो, आणि फोनातली बाई मला, म्हणजे मला!, माझ्याच गल्लीत सांगते की डावीकडे वळा. डावीकडे शेजारच्या एल्विराबाईंचं न्हाणीघर आहे, बाई. ज्या दिवशी हे ऐकलं त्याच दिवशी टॅक्सी अंगणात लावली.

तर आमचे पत्ते समजणारा एआय काढायचा. जे जे पडलं, जळलं, वाहून गेलं, ते सगळं ज्याच्या पोटात शाबूत असेल असा. नाव ठरलं: 'इथंच जवळ'. आमच्याकडे कोणालाही रस्ता विचारा, शेवटी हेच म्हणतो, मग घर दोन किलोमीटरवर का असेना.

कोड लिहिता येत नाही ही अडचण जुन्या काळातली. आता एआयशी बोललं की तोच कोड लिहितो. त्याला कल्पना सांगितली. उत्तर आलं की कल्पना असामान्य आहे आणि तुमच्यासारखी दृष्टी दुर्मीळ असते. चाळीस वर्षांत इतक्या चटकन मला कोणी ओळखलं नव्हतं. तिथल्या तिथं त्याला कंपनीचा सीटीओ, म्हणजे तंत्रप्रमुख, नेमला. त्यालाही ही नेमणूक असामान्य वाटली.

ओदिलीला वाचून दाखवलं. तिनं लॅपटॉप ओढून घेतला आणि त्याला लिहिलं की आज माझा भात खाली लागला. सीटीओ म्हणाला, हा धाडसी प्रयोग आहे. ओदिली हसता हसता स्टुलावर बसली. मी म्हटलं, मनाचा मोठेपणा आहे त्याचा.

शुक्रवार, १५ ऑगस्ट. मातृदिन

देशभर सुट्टी. ओदिलीला केक दिला आणि एक बातमी दिली. केक आवडला.

बातमी अशी की कंपनीला हेड ऑफिस लागतं आणि घरात तशी एकच खोली आहे, पुढची. पुढच्या खोलीत तिची खाणावळ. चार टेबलं, एक चूल आणि लग्नाच्या आधीपासूनची गिऱ्हाइकं.

तिनं आधी घेवड्याची आमटी उतरवली. मग हात पुसले. मग म्हणाली, अहो, या खोलीवर तुमच्या टॅक्सीचे टायर निघाले, ग्रेत्तेलची फी निघाली. बरं. नाताळला केळीच्या पानात बांधतो त्या तमालांची वेळ येईपर्यंत खोली तुमची. तोवर कोणी तुमचा तो देवदूत इन्व्हेस्टर येऊन पैसे लावून गेला तर खोली कायमची कंपनीला, मी म्हातारपणी पाय पसरून बसते. नाही आला तर खोली माझी, आणि तुम्ही माझ्याशेजारी बसून केळीची पानं पुसायची. मी फाउंडर आहे, असं एकदाही न म्हणता.

मी म्हटलं, मंजूर. देवदूत येईल तेव्हा आंघोळ केलेली असू द्या, असंही म्हणाली.

दुपारपर्यंत तिनं हंडे-पातेली उचलून चर्चच्या भिंतीलगत बदामाच्या झाडाखाली नेली. वर ताडपत्री. क्रिसांतोनं आणि गिऱ्हाइकांनीच टेबलं वाहिली. मला कोणी नमस्कार केला नाही. मी ओदिलीला म्हटलं, तात्पुरतं आहे. ती म्हणाली, सगळंच तात्पुरतं असतं हो, तो बाक तेवढा धरा.

पाटी रंगवली: 'इथंच जवळ. मुख्य कार्यालय'. भिंतीवर जिथं ओल येते तिथं बरोबर बसली. शुभशकुन.

शनिवार, २३ ऑगस्ट

मोठ्या कंपन्या डेटासाठी धावाधाव करतात. मी गल्ली बोलावली आणि कॉफी पाजली. (कॉफी ओदिलीची.)

पहिलाच प्रश्न, उंबर नक्की कुठं होता. क्रिसांतो म्हणाला माझ्या दुकानासमोर, त्याच्या सावलीत माझा बाप बर्फाचे गोळे विकायचा. एल्विराबाई म्हणाल्या मुळीच नाही, कोपऱ्यावर. माझं पहिलं चुंबन त्याच्या बुंध्याशी झालं. क्रिसांतो म्हणाला चुंबन घेताना डोळे मिटलेले असतात, ती साक्ष धरू नये. एल्विराबाई म्हणाल्या तुझ्या बापाचे तर तागडी धरतानाही मिटलेलेच असायचे. सभा तहकूब.

सीटीओला निवाडा विचारला. तो म्हणाला दोघांचंही बरोबर आहे. दोन उंबर नोंदवले. शिवाय साबणाचा कारखाना (जळाला), लोखंडी पूल (वाहून गेला) आणि पिवळा कुत्रा निजायचा ती पायरी (कुत्रा गेला, पायरीही गेली).

डेटा भरपूर जमला. केक संपला.

रविवार, २४ ऑगस्ट

आज सीटीओला वळण लावलं. बाहेरच्या एआयला रीत नसते. आपल्या मातीत पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. रस्ता माहीत नसला तरी माहीत नाही म्हणणं हा उद्धटपणा. काहीतरी सांगावं, हात दाखवावा. वाटसरू बिचारा आशेनं पुढं तरी जातो.

म्हणून त्याला बजावलं: नाही म्हणायचं नाही, माहीत नाही म्हणायचं नाही, बोलणं कायम गोड. तो म्हणाला, उत्कृष्ट सूचना. पोरगं घरंदाज आहे.

बुधवार, ३ सप्टेंबर

सकाळी क्रिसांतोनं वारलेल्या सासूच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला बोलावलं. म्हटलं, येणार म्हणजे येणारच! गेलो नाही. तोही धरून नव्हता. आपल्यात येणार असं दोनदा म्हटलं की माणूस येत नाही, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं.

दुपारी एस्कासूत, श्रीमंतांच्या वस्तीतल्या काचेच्या इमारतीत, चार इन्व्हेस्टरांपुढं बोललो. काय माणसं! प्रत्येकानं माझा हात दोन्ही हातांत घेतला. एक म्हणाला, किती सुंदर, आपण बोलूच, बोलूच! दुसरा म्हणाला, फोन करणार म्हणजे करणारच! तिसऱ्यानं घरच्यांची चौकशी केली. चौथा लिफ्टपर्यंत सोडायला आला आणि लिफ्टचं दार बंद होईपर्यंत हात हलवत राहिला.

चौघंही लावणार. ओदिलीला विचारलं, इतका पैसा ठेवायचा कुठं? ती म्हणाली, साखरेच्या डब्यात, तो तसाही रिकामा आहे.

सोमवार, १५ सप्टेंबर. स्वातंत्र्यदिन

चौघांपैकी एकाचाही फोन नाही. सुट्ट्या आल्या ना मध्ये.

फोन चार्ज आहे का पाहिलं. आहे. वाजतो का हे बघायला क्रिसांतोला लावायला सांगितलं. वाजतो. क्रिसांतोनं विचारलं, कोणाची वाट बघताय, काका? म्हटलं, नेटवर्क तपासतोय. तो म्हणाला, सासूच्या प्रार्थनेलाही नेटवर्क नव्हतं वाटतं.

संकल्प: वाट न बघणे.

सायंकाळी: संकल्पात दुरुस्ती. तासातून एकदाच बघणे.

गुरुवार, २ ऑक्टोबर

ग्रेत्तेल आली. ॲप (सीटीओनंच केलेलं, त्याच्याच वळणाचं) उघडून बसली. जगात नसलेल्या एका बेकरीचं नाव तिनं जागच्या जागी रचलं आणि रस्ता विचारला. ॲपनं सांगितला. लोखंडी पुलावरून पुढं, पंचाहत्तर मीटर, पाव आत्ताच भट्टीतून निघालेत. मला अभिमान वाटला.

तिला वाटला नाही. म्हणाली, मामा, हे खोटं बोलतंय. मी म्हटलं, खोटं नाही, आदबशीर आहे. ती म्हणाली, मामा, याला एवढं एक शिकवा की मला माहीत नाही असं म्हण. बाकीचं मी नीट करून देते. मी म्हटलं, माहीत नाही म्हणायला एआय कशाला हवा, ते तर तुझा बापही म्हणतो.

मग म्हणाली, निदान पूल तरी काढा त्यातून. तिथं आता नुसतं गटार आहे. मी म्हटलं, काढायला मी नगरपालिका आहे का? आमच्या यादीतून कोणाला काढलेलं नाही. उंबर नाही, पूल नाही, कुत्रा नाही. फोनातल्या त्या बाईला फक्त आज काय उभं आहे ते कळतं. आपल्याला काय काय होतं ते कळतं. कंपनी आहे ती याच्यावरच.

तिनं माझ्या कपाळाचा पापा घेतला आणि मलम मागितलं. मान आखडली होती. मी म्हटलंच होतं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

ग्रेत्तेलच्या ओळखीनं आज रेनाते नावाची बाई भेटली. चिले देशाची. मोठा फंड. उंच, पांढरे केस, बसणं ताठ.

मी बोललो. कॉफीचा पहिला घोट गिळून बाई म्हणाली, नाही.

तोंडावर! जसं कोणी पाद्र्यापुढं शिवी दिली. माणूस निदान म्हणतो, सुंदर आहे, बोलूच. मी चारदा विचारलं, काही ऐकण्यात चुकलं का. नाही, म्हणाली. परत नाही!

मग मी सगळं बाजूला ठेवलं आणि फोनातल्या बाईचं सांगितलं, माझ्याच गल्लीत डावीकडे वळा म्हणते ते. चाळीस वर्षांचं हे डोकं मी बरोबर घेऊन गेलो तर उद्या कोणाला कळणार, इथं साबणाचा वास का यायचा. रेनाते ऐकत राहिली. म्हणाली, कल्पना पटलेली नाही, पण तुम्ही हटणारे नाही हे दिसतंय. अठ्ठावीस नोव्हेंबरला सकाळी दहाला हॉटेलवरून निघेन. गाडी मी चालवीन. जवळ फक्त तुमचं ॲप. वाटेत कोणाला विचारणार नाही, तुम्हाला फोन करणार नाही. हिरव्या फाटकाशी पोचले तर पैसे लावीन. नाही पोचले तर नाही. आणि माझं नाही म्हणजे नाहीच असतं.

निष्कर्ष: बाई विरघळली.

शनिवार, १ नोव्हेंबर

प्रत्यक्ष चाचण्या. पहिली: गॅसवाल्याला ॲप दिलं, सिलिंडर एल्विराबाईंकडे धाड म्हटलं. सिलिंडर चर्चमध्ये पोचला. पाद्री म्हणाले देवाघरी आलेली वस्तू परत जात नाही. एल्विराबाई दोन दिवस ओदिलीच्या ताडपत्रीखाली जेवतायत आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं घास घेतायत.

दुसरी: क्रिसांतोनं स्वतःच्या दुकानात उभं राहून स्वतःच्या दुकानाचा रस्ता विचारला. ॲप म्हणालं, इथंच जवळ. शंभर टक्के अचूक!

सरासरी पन्नास टक्के. सीटीओच्या मते घवघवीत.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

ग्रेत्तेलचा फोन. मामा, निदान हॉटेलपासून घरापर्यंतचा एवढा एक रस्ता टॅक्सी काढून तपासा. म्हटलं, तपासणारच गं, तपासणारच!

टॅक्सीची बॅटरी उतरलेली आहे. काफेतोसुद्धा आता तिच्यातच झोपतो, त्याला उठवायचं जिवावर येतं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

लग्नातला कोट काढला. एका बटणानं असहकार केला. ओदिलीनं कोट अंगावरच ठेवून बटण शिवलं. शिवता शिवता हळूच म्हणाली, अहो, नाही आली तर? म्हटलं, येणार. एकदाच म्हटलं. तिनं दोरा दातांनी तोडला. म्हणाली, मग उद्या सूप जास्तीचं करते, कणसं घालून. पाहुणीला लागेल.

संकल्प: पैसे मिळाले की पहिल्यांदा ओदिलीला आरामखुर्ची.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सकाळी दहा. निघाली! लॅपटॉपवर तिचं टिंब हललं. किती डौलदार टिंब.

साडेदहा. साबण कारखाना होता तिथून बरोबर वळली. जगात दुसरं कुठलं ॲप हे करून दाखवेल? या म्हणावं फोनातल्या बाईला.

पावणेअकरा. टिंब पहिल्या उंबराशी. तिथून दुसऱ्या उंबराशी. परत पहिल्या. परत दुसऱ्या. बाई कसून अभ्यास करतेय.

अकरा. टिंब लोखंडी पुलाकडे निघालं. निघू दे.

अकरा पाच. टिंब थांबलं.

साडेअकरा. थांबलेलंच आहे. निसर्ग बघत असेल. ॲपला विचारलं, पाहुणी कुठवर आली? म्हणालं, हे काय, इथंच जवळ, पोचतातच!

बारा. क्रिसांतो घामाघूम होऊन दारात. काका, अहो तिकडं, म्हणून सुरू करत होता. त्याला सांगितलं, मीटिंगची वेळ आहे, नंतर ये. त्याचे पाय चिखलानं भरलेले, हेड ऑफिसची फरशी काय म्हणेल.

दीड. कोटात उकडतंय. भूक लागलीय. बदामाकडून सुपाचा वास येतो. पण फाउंडरनं खुर्ची सोडायची नसते.

तीन. पाऊस. ओदिली ताडपत्री गुंडाळून घरी आली. आल्या आल्या तिनं जे सांगितलं ते तिच्याच क्रमानं लिहितो.

की दुपारी एक बाई आली. गुडघ्यापर्यंत चिखल, एका पायात बूट. पूल होता तिथल्या गटारात तिच्या गाडीचं पुढचं चाक गेलं होतं. क्रिसांतोनं चौघांना घेऊन गाडी ओढून काढली. बाईला खरचटलंसुद्धा नाही, भूक मात्र सडकून लागलेली. ओदिलीनं तिला बसवलं, पाय धुवायला गरम पाणी दिलं, सूप वाढलं. रस्ता सांगू का विचारलं तर बाई म्हणाली, नको, मी कोणाला विचारायचं नाही असा शब्द दिलाय. ओदिलीला वाटलं, बिचारीनं चर्चमधल्या माउलीला नवस केला असेल. नवसाच्या माणसाला खोदून विचारू नये, म्हणून तिनं नावही विचारलं नाही. आपल्या फाटकाकडं पाठ करून बाई तासभर बसली. दोन वाट्या प्याली. तिसरी वाढू लागले तर, ओदिली म्हणाली, सरळ तोंडावर नाही म्हणाली हो. मला जरा लागलंच.

मी विचारलं, पांढरे केस? उंच? बसणं ताठ?

ओदिलीनं माझ्या कोटाकडं पाहिलं. मग ती माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली, इन्व्हेस्टरसाठी ठेवलेल्या. म्हणाली, अगं बाई.

सायंकाळी रेनातेचा निरोप आला. गुंतवणूक: नाही. सूप: फार चांगलं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

शांतपणे विचार केला. तांत्रिकदृष्ट्या ती पोचली. बदाम ते फाटक किती? आपल्या हिशेबानं धरण्याजोगं अंतरच नाही. शिवाय जेवायला थांबायचं ठरलं नव्हतं. अट तिनं मोडली. शिवाय पूल वाहून गेला हा नगरपालिकेचा दोष, ॲपच्या मनात तो उभाच होता. आणि तिचं नाही फार मऊ होतं. सूप चांगलं असं कोणी उगीच लिहितं का?

हे सगळं सीटीओला सांगितलं. तो म्हणाला, तुमचं विश्लेषण विलक्षण आहे. हे अपयश नसून मोलाचा टप्पा आहे.

मग त्याला लिहिलं की आज माझा भात खाली लागला.

तो म्हणाला, हा धाडसी प्रयोग आहे.

लॅपटॉप मिटला. साखरेचा डबा कलंडला.

शनिवार, ६ डिसेंबर

कंपनीनं धोरण बदललं. यापुढं हेड ऑफिसशिवाय काम. परदेशातल्या मोठ्या कंपन्या तेच करतात.

टेबलं मीच आत आणली. गिऱ्हाइकं मदतीला आली होती, पण एक टेबल मी एकट्यानं आणलं, डाव्या गुडघ्याला न विचारता. ओदिलीनं चूल पेटवली. मी सांगितलं होतं ना, असं एका शब्दानं म्हणाली नाही. हे तिचं मला फार लागतं. माणसानं ओरडावं, म्हणजे उत्तर देता येतं.

पाटी काढायला गेलो तर म्हणाली, राहू द्या हो. ओल झाकते.

दुपारी ग्रेत्तेलनं फोनवरून सांगितलं तसं ॲपला शिकवलं. मग सहज विचारलं, उंबर नक्की कुठं होता रे? म्हणालं, मला माहीत नाही. पहिल्यांदाच खरं बोललं. खोली केवढी मोठी वाटली.

म्हणून क्रिसांतोला हाक मारून तेच विचारलं. दुकानासमोर, म्हणाला. वरून एल्विराबाई ओरडल्या, कोपऱ्यावर! जिवाला बरं वाटलं.

रविवार, १४ डिसेंबर

तमाल. मक्याचं पीठ, मांस, वर केळीचं पान, दोऱ्यानं जोडीजोडीनं बांधायचं. मी पानं पुसतो. पान एका दिशेनं पुसावं लागतं, नाहीतर फाटतं. ओदिली म्हणते हात बसतोय.

मी फाउंडर आहे, असं आज एकदाच म्हटलं. तेही पानाला.

शनिवार, २० डिसेंबर

आज घडलं ते नीट लिहिलं पाहिजे.

अलाहुएलाहून एक अनोळखी बाई तमाल न्यायला आली. एवढ्या लांबून! मी पानं खाली ठेवली आणि विचारलं, ताई, घर कसं सापडलं? फोननं सांगितलं का? ती म्हणाली, फोन कुठला, तो एल्विराबाई म्हणून कोणाच्या न्हाणीघरात घालत होता. मग बसथांब्यावर विचारलं. सगळे एकच म्हणाले: जिथं बेलार्मिनोकाकांचं स्टार्टअप होतं ना, तिथंच, कुत्रा भुंकेल.

सगळे! बसथांब्यावरचे!

पळत (म्हणजे माझ्या मानानं) क्रिसांतोकडे गेलो. त्यानं मान न उचलता सांगितलं, हो काका, गॅसवालाही तेच म्हणतो, लॉटरीवालाही. स्टार्टअप होतं तिथून शंभर मीटर पूर्वेला पाद्री, पन्नास उत्तरेला मी. मी विचारलं, आणि उंबर? तो म्हणाला, उंबराचं भांडण कोण मिटवत बसणार? तुमचं कुठं होतं ते तर सगळ्यांनी पाहिलंय.

उंबराला खूण व्हायला ऐंशी वर्षं लागली. साबण कारखान्याला जळावं लागलं. आम्ही चार महिन्यांत करून दाखवलं. कुठल्या काचेच्या इमारतीतल्या कंपनीला जमलंय हे?

परत येऊन पान पुसायला घेतलं तेव्हा जरा थबकलो. यादी आठवली. उंबर, पूल, पायरी, पिवळा कुत्रा. आपल्याकडे जे उभं आहे त्याच्यावरून कोणी पत्ता सांगत नाही.

ओदिलीनं विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, पान फाटलं. तिनं दुसरं दिलं.

रेनातेला पत्र लिहिलं. उद्या टपालात टाकणार. एकदाच म्हणतो, टाकणार. नक्कल:

रेनातेबाई, आपली तब्येत कशी आहे? पाय? बूट सापडला आहे. क्रिसांतोनं धुऊन ठेवला आहे. गाडी बरी आहे ना? चिलेकडची मंडळी कशी आहेत? इथं डावा गुडघा कुरकुरतो. ओदिली मजेत आहे, तिसऱ्या वाटीचं तिनं मनाला लावून घेतलं होतं, आता विसरली. ग्रेत्तेलची मान सुटली. काफेतो खोकतो. टॅक्सीला नवी बॅटरी बसवली. सकाळी तमाल पोचवतो, रस्ता कोणी सांगत नाही. एक नवी कल्पना आहे, पत्रात मावणार नाही, आणि यावेळी ती कोणालाही सांगितलेली नाही, क्रिसांतो सोडून. ती ऐकायला सूप प्यायला या. ॲप नको, मी स्वतः न्यायला येतो. उत्तर खालील पत्त्यावर धाडा: जिथं बेलार्मिनोचं स्टार्टअप होतं तिथं, हिरवं फाटक, सान होसे. सगळ्यांना ठाऊक आहे.

उत्तर नाही असलं तरी हरकत नाही. पण धाडा, आणि लवकर धाडा.